आधी हात मागे घ्या

गेल्या पंधरवड्यात धाराशिव शहरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. माझ्यापुढं एक मुलगी होती. कळंब तालुक्यातल्या गावातून सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेली. तिनं कंपासपेटी उघडून त्यातून पेन ड्राइव्ह काढला आणि काउंटरवर ठेवला. साठ पानांचा प्रोजेक्ट, दोन प्रती, स्पायरल बाइंडिंग. कॉलेजात द्यायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची.

दुकानदारानं पेन ड्राइव्ह लावला. टुंग आवाज आला, पडद्यावर काहीच आलं नाही. काढला, परत लावला.

"घेईना ओ ताई."

तिसऱ्यांदा लावल्यावर एक खिडकी उघडली. हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? रांगेतला एक जण मागून म्हणाला, "करा की दादा, मग उघडंल." दुकानदाराचा हात माऊसवर गेला. पोरीचा चेहरा उतरला. "मामा, चार महिन्यांचं काम हाय त्यात."

मी ओरडलोच, "थांबा!"

या आठवड्याचं सदर त्या एका क्लिकबद्दल आहे. ती क्लिक आपल्या जिल्ह्यात रोज कुठं ना कुठं होते. झेरॉक्सच्या दुकानात, सेवा केंद्रात, फोटो स्टुडिओत, शाळेच्या ऑफिसात. खिडकीत हो आणि नाही असे दोन पर्याय असतात आणि आपण घाईनं हो म्हणतो, कारण विचारणारं मशीन आहे आणि मशीनला जास्त कळतं असं आपण धरून चालतो. मशीनला तुमचे चार महिने कळत नाहीत. त्याला एवढंच कळतं की आतली यादी वाचता येत नाही.

यादी. सगळी गोष्ट या एका शब्दात आहे.

सोयाबीनच्या गोदामाचा विचार करा. आत पोती रचलेली आहेत. दारात टेबलावर एक वही आहे. कुणाची पोती, कुठल्या रांगेत, किती, ते सगळं वहीत. उद्या ती वही भिजली तर गोदामवाला म्हणेल, माल कुठं आहे सांगता येत नाही. पण पोती आतच आहेत. पेन ड्राइव्ह असाच असतो. फाइली म्हणजे पोती, आणि कोणती फाइल कुठं ठेवली याची नोंद म्हणजे वही. ‘फॉरमॅट करू का’ या प्रश्नाचा अर्थ असा, की ही भिजलेली वही फेकून देऊ आणि कोऱ्या वहीत ‘गोदाम रिकामं’ असं लिहू का? हो म्हटलंत की झालं. पोती अजूनही आत असतात, पण पुढचा ट्रक त्यांच्यावरच माल उतरवतो. त्यातही ‘क्विक फॉरमॅट’वरची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केलात तर आजचं विंडोज एकेक कप्पा शून्यानं भरत जातं. मग पोतीही गेली.

म्हणून पहिला नियम. पेन ड्राइव्ह घेईना, की हात मागे घ्या. त्यावर नवीन काही लिहू नका, फॉरमॅट करू नका, दुरुस्तीची कुठलीही आज्ञा लगेच देऊ नका. फाइली बहुतेक वेळा बिघाडानं मरत नाहीत, त्यानंतरच्या घाईनं मरतात.

आता तपासणी. ही क्रमानं करायची असते, आणि क्रम चुकला की नुकसान होतं.

सुरुवात डोळ्यांनी आणि बोटांनी. ड्राइव्ह लावल्यावर गरम होतोय का? चटका बसण्याइतका तापत असेल तर लगेच काढा आणि पुन्हा लावू नका. तोंड वाकलंय का? खिशात ठेवून मोटारसायकलवर बसलं, लॅपटॉपला लावलेला असताना गुडघा लागला, की आतली सोल्डरिंग तडकते. वाकलेला ड्राइव्ह दाबून, हलवून चालवायचा प्रयत्न करू नका. तोंडात धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशनं काढा. फुंकर मारू नका, वाफ आत जाते.

मग खाच बदला. कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या खाचा आतल्या बारीक वायरीनं जोडलेल्या असतात. दुकानातल्या मशीनवर त्या दिवसभर घासल्या जातात आणि ढिल्या होतात. मागच्या खाचा थेट मदरबोर्डवर असतात. तिथं लावा. एका खाचेतून चार यंत्रं चालवणारा हब मध्ये असेल तर तो काढा. यूएसबी 2.0 ची खाच 500 मिलिअँपिअरपर्यंत वीज देते. प्रिंटर, माऊस, कीबोर्ड आणि मोबाइलचं चार्जिंग एकाच स्वस्त हबवर असेल तर पेन ड्राइव्हच्या वाट्याला पुरेशी वीज येत नाही. त्यानंतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघा. या दोन गोष्टींतच कितीतरी ड्राइव्ह उघडतात आणि दोष मशीनचा होता हे कळतं.

तरीही उघडत नसेल तर खरी जागा बघा. विंडोजमध्ये स्टार्टवर उजवी क्लिक, मग डिस्क मॅनेजमेंट. ही खिडकी खोटं बोलत नाही. इथं चारपैकी एक गोष्ट दिसते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

एक. ड्राइव्ह दिसतो, आकार बरोबर दाखवतो, पण त्यापुढं अक्षर नाही. सगळ्यात सोपी अडचण. बऱ्याचदा नेटवर्कवरच्या कुठल्या तरी फोल्डरनं तेच अक्षर अडवून ठेवलेलं असतं. उजवी क्लिक करा, ड्राइव्ह लेटर बदला, नवीन अक्षर द्या. झालं.

दोन. ड्राइव्ह दिसतो, आकारही दिसतो, पण त्यावर ‘रॉ’ लिहिलेलं असतं. वही भिजलीय, पोती आत आहेत. फॉरमॅटची खिडकी बहुधा इथंच उघडते. कळंबच्या पोरीचं हेच झालं होतं. इथं फोटोरेक किंवा टेस्टडिस्क ही सॉफ्टवेअर वापरायची. दोन्ही मोफत आहेत. फोटोरेक वहीकडं बघतच नाही, थेट पोती उघडून बघतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरावीक खुणेनं होते. ती खूण शोधत ते फाइली बाहेर काढतं. नाव फोटोरेक असलं तरी फोटोंबरोबर वर्डच्या आणि पीडीएफच्याही फाइली काढतं. काढलेल्या फाइली नेहमी दुसऱ्या डिस्कवर ठेवायच्या, त्याच पेन ड्राइव्हवर कधीच नाही.

इथंच आणखी एक घाई होते. कुणीतरी सांगतं, चेकडिस्क चालवा. आज्ञा चांगली आहे, पण ती दुरुस्ती करताना त्याच ड्राइव्हवर लिहिते. आधी माल बाहेर काढा, मग वही दुरुस्त करा.

तीन. ड्राइव्ह दिसतो, पण आकाराच्या जागी ‘नो मीडिया’. पेन ड्राइव्हच्या पोटात दोन मुख्य चिप असतात. एक साठवणारी, दुसरी तिचा कारभार पाहणारी, तिला कंट्रोलर म्हणतात. ‘नो मीडिया’ म्हणजे कारभारी जागा आहे, पण त्याला गोदामाचं दार सापडत नाही. इथं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही. रात्रभर दहा प्रोग्राम चालवू नका. आतला माल खरंच मोलाचा असेल तर डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडं द्या. त्याला हजारो रुपये लागू शकतात. मोलाचा नसेल तर सोडून द्या.

चार. काहीच दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा. यूएसबीच्या यादीत पिवळा त्रिकोण आणि ‘अननोन डिव्हाइस’ दिसतंय का बघा. दिसत असेल तर ती नोंद काढून टाका, ड्राइव्ह उपसा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, पुन्हा लावा. ड्रायव्हरचा घोळ असेल तर यानं सुटतो. तीन-चार कॉम्प्युटरवर हेच होत असेल तर दोष ड्राइव्हच्या विजेचा किंवा कंट्रोलरचा आहे.

हे चार प्रकार कागदावर लिहून दुकानाच्या भिंतीवर लावावेत, असं मला मनापासून वाटतं. दुकानदारांना दोष द्यायचा नाही. दिवसाला शंभर माणसं, प्रत्येकाला घाई, गाडी धरायची. पण त्या भिंतीवर ‘उधार बंद’ची पाटी असते, तिच्याखाली ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करणार नाही’ अशी दुसरी पाटी बसते.

आता आपल्याकडच्या खास अडचणी.

पहिली लाइट. फाइल कॉपी होत असते, पट्टी अर्ध्यावर आलेली असते आणि लाइट जाते. त्या क्षणी वहीत अर्धी ओळ लिहिलेली असते. गोदामाची वही भिजते ती अशी. माणूस घाईत ड्राइव्ह उपसतो तेव्हाही हेच होतं. 2018 च्या अखेरीपासून विंडोज 10 नं पटकन काढता येण्याची सोय मुळातच सुरू ठेवलीय हे खरं, पण कॉपी चालू असताना उपसलेल्या ड्राइव्हला कुठलीच सोय वाचवत नाही. पट्टी संपू द्या, मग ‘इजेक्ट’ करा, मग काढा. पाच सेकंद लागतात. कॉपी शक्यतो लॅपटॉपवर करा, त्याला बॅटरी असते. दुकानाच्या मशीनला यूपीएस नसेल तर घ्या.

दुसरी, शॉर्टकटचा व्हायरस. चार दुकानांत फिरलेला ड्राइव्ह घरी लावला की सगळे फोल्डर छोट्या बाणाच्या शॉर्टकटसारखे दिसतात. लोक म्हणतात, सगळं उडालं. उडालेलं नसतं, लपवलेलं असतं. त्या बाणाच्या चित्रावर डबल क्लिक करू नका, त्यानंच व्हायरस सुरू होतो. आधी अँटिव्हायरस फिरवा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपवलेल्या फाइली दाखवा, आणि विंडोजच्या संरक्षित फाइली लपवण्याची खूणही काढा. फाइली जागेवर असतात. बाहेर काढा, ड्राइव्ह साफ करा.

तिसरी अडचण ट्रॅक्टरची. कारखान्याकडं ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर रात्रभर गाणी लागतात, ती पेन ड्राइव्हवरून. हल्ली तक्रार येते की नवा 64 जीबीचा ड्राइव्ह कॉम्प्युटर घेतोय, ट्रॅक्टरचा टेप घेईना. ड्राइव्ह खराब नाही. मोठे ड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीनं आखलेले येतात आणि अनेक साध्या टेपना फक्त जुनी फॅट32 ही पद्धत वाचता येते. विंडोजच्या फॉरमॅटच्या खिडकीत 32 जीबीच्या वर फॅट32 हा पर्याय वर्षानुवर्षं मिळाला नाही, म्हणून माणूस अडतो. गाण्यांसाठी 16 किंवा 32 जीबीचा ड्राइव्ह घ्या, फॅट32 मध्ये आखा, प्रश्न मिटला. उलट, लग्नाचा व्हिडिओ फॅट32 वर कॉपी होत नाही, कारण त्या पद्धतीत एक फाइल 4 जीबीच्या वर जाऊ शकत नाही. तिथं एक्सफॅटच लागतं. आणि डीटीएचच्या सेटटॉप बॉक्सवर रेकॉर्डिंगसाठी ड्राइव्ह लावताना खिडकी नीट वाचा. अनेक बॉक्स आधी फॉरमॅट करायची परवानगी मागतात. नातवाच्या बारशाचे फोटो असलेला ड्राइव्ह तिथं लावू नका.

चौथी, फसवणूक. एक-दोन टीबीचा पेन ड्राइव्ह चार-पाचशे रुपयांत मिळाला म्हणून आनंदानं घेऊ नका. आत 16 किंवा 32 जीबीची चिप असते आणि कंट्रोलरला खोटा आकार सांगायला शिकवलेलं असतं. सुरुवातीला सगळं ठीक चालतं. खरी जागा भरली की नवी फाइल जुन्या फाइलीवर बसते किंवा हवेत जाते, आणि यादीत मात्र सगळं दिसत राहतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचतं आणि खरा आकार सांगतं. नवा ड्राइव्ह घेतला की त्यावर काही ठेवण्याआधी ही परीक्षा घ्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक मोठी चूक आहे, आणि मला ती सगळ्यात जास्त टोचते. आपण पेन ड्राइव्हला तिजोरी समजतो. तो तिजोरी नाही, पिशवी आहे. 2000 साली बाजारात आला तेव्हा आयबीएमच्या पहिल्या ड्राइव्हमध्ये 8 एमबी जागा होती, म्हणजे एमपी3ची जेमतेम दोन गाणी. तो फ्लॉपीच्या जागी आला. इथली फाइल तिथं न्यायची, एवढंच त्याचं काम.

आतली फ्लॅश मेमरी जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात घडवली. तिच्यात माहिती म्हणजे इवल्याशा कप्प्यांत कोंडलेला विजेचा भार. कप्प्याची भिंत फार पातळ. प्रत्येक वेळी पुसून लिहिताना ती झिजते. स्वस्त चिपचा एकेक कप्पा हजारभर ते काही हजार वेळाच पुसून लिहिता येतो. आणि न वापरता ठेवला तरी कोंडलेला भार हळूहळू झिरपतो. उष्णतेत तो जास्त वेगानं झिरपतो. आता आपला एप्रिल-मे आठवा. पत्र्याच्या खोलीतलं लोखंडी कपाट, त्यात दागिन्यांच्या डबीत लग्नाचा पेन ड्राइव्ह. पाच-सात वर्षांनी मुलाला दाखवायला काढावा तर घेईना. कुणी पाडला नाही, भिजवला नाही, तरी गेला.

दुसरीकडं कागद बघा. 2023 साली कुणबी नोंदी शोधणाऱ्या, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यातल्या कचेऱ्यांमधली जुनी दप्तरं उघडली गेली. आपला जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं नोंदी उर्दूत आणि मोडीत. वाचायला जाणकार शोधावे लागले. पण नोंदी होत्या. कागद पिवळा पडला होता, कडा कुरतडलेल्या होत्या, तरी शाई बोलत होती. ज्यांनी ती दप्तरं बांधून ठेवली त्यांच्याकडं कसलंही यंत्र नव्हतं. जबाबदारी होती. त्याच वर्षी उस्मानाबादचं धाराशिव झालं. आता कॉम्प्युटरांवर जुन्या नावाचे फोल्डर आहेत आणि नव्या नावाचेही. ग्रामपंचायतीच्या, सोसायटीच्या, शाळेच्या त्या फाइलींची एकमेव प्रत कुणाच्या ड्रॉवरमधल्या पेन ड्राइव्हवर असेल, तर पुढच्या पिढीला वाचायला जाणकार सापडून उपयोग नाही. वाचण्यासारखं काही उरलेलंच नसेल.

यावर उपाय आपला जिल्हा फार मोठी किंमत देऊन शिकलाय. 30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. सास्तूर आणि आजच्या लोहारा-उमरगा तालुक्यांतली कितीतरी गावं भूकंपानं झोपेत खाली आली. माणसं गेली त्याला तोड नाही, आणि पेन ड्राइव्हच्या लेखात त्यांचा उल्लेख मी जपूनच करतो. पण मागं राहिलेल्यांना विचारा, गेलेल्या आईचा फोटो आहे का? भिंतीवर टांगलेला फोटो भिंतीखाली गेला. पेटीतला अल्बम पेटीसकट गेला. लग्नाचा एखादा फोटो सोलापूरच्या मावशीकडं किंवा पुण्याच्या आत्याकडं असेल तर तोच काय तो उरला. दुसरी प्रत, दुसऱ्या घरात. प्रत जपण्याचं सगळं शास्त्र या चार शब्दांत आहे.

तेव्हा आजच करा. जे गेलं तर डोळ्यांत पाणी येईल, त्याच्या तीन प्रती हव्यात. एक कॉम्प्युटरवर किंवा फोनवर. एक हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर. एक गावाबाहेर, म्हणजे ई-मेलवर, क्लाउडवर किंवा पुण्याच्या भावाकडं. कुटुंबाचे फोटो, जमिनीची कागदपत्रं, जातीचा दाखला, मार्कशीट, बचत गटाचा हिशेब. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रपूजा करता तेव्हा, हे पेन ड्राइव्हही काढा, लावा, उघडून बघा. पाच वर्षं झालेला ड्राइव्ह असेल तर माल नव्यावर घ्या.

झेरॉक्सच्या दुकानातलं सांगायचं राहिलं. दुकानदार माणूस चांगला. हात मागे घेतला, म्हणाला, "सर, मग तुमीच सांगा काय करायचं." शेजारच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माझा एक मित्र आहे. मुलीला घेऊन त्याच्याकडं गेलो. त्यानं ड्राइव्ह लावला, डिस्क मॅनेजमेंट उघडलं, ‘रॉ’ दिसलं, फोटोरेक चालवलं. दोन तास लागले. ती स्टुलावर बसून होती, पाणीसुद्धा घेतलं नाही तिनं. फाइली निघाल्या, पण नावं गेली होती, नावांच्या जागी नुसते आकडे. वहीतली नावं वहीबरोबर गेली. एकेक उघडत गेलो. बऱ्याच उघडल्यावर पडद्यावर तिच्या गावाचं नाव आलं आणि खाली तिचं स्वतःचं. साठच्या साठ पानं.

कळंबच्या गाडीला अर्धा तास होता. प्रिंट काढायला पळायच्या आधी तिनं फोन काढला. फाइल स्वतःला मेल केली. एक पुण्यात कामाला असलेल्या भावाला पाठवली. भावाचा लगेच फोन आला, "काय पाठवलंस गं?"

"उघडू नको," ती म्हणाली, "नुस्ती ठेव तुझ्याकडं."